फोरमन सरांचं मलम

फोरमन सरांच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यायची वेळ पोलिसांवर कधी आली असती, तर त्यांना शाईची बाटली उघडावी लागली नसती. तो अंगठा बारा महिने राखाडी असायचा. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरची उष्णता वर पंख्याकडे जावी म्हणून त्याच्यावर जी पेस्ट लावतात, तिचा तो रंग. साबणाने जात नाही, रॉकेलने थोडी जाते आणि पँटला पुसली की तिथे कायमची मुक्कामाला राहते. चहाच्या कपावर, लाइटच्या बटणावर, कॅलेंडरमधल्या देवाच्या पायांवर, सगळीकडे सरांचा अंगठा उमटलेला. विद्यार्थ्यांच्या सर्टिफिकेटवर तर तो सहीच्या जरा खाली हमखास असे. एकदा आमच्या एका विद्यार्थ्याचं सर्टिफिकेट यवतमाळच्या कुठल्याशा ऑफिसने बनावट म्हणून परत पाठवलं. चौकशी केली तर कळलं, त्यावर तो राखाडी शिक्का नव्हता. सरांनी शांतपणे ट्यूब उघडली, अंगठा माखला, शिक्का मारला आणि त्या पोराची नोकरी पक्की केली. मग हात पँटला पुसून ते चहा प्यायला गेले.

गावात त्यांना सगळे नुसतं फोरमन म्हणत. सर म्हणायचा मान फी भरणाऱ्यांना, आणि मला, कारण मी पगार घेत होते. पण ते खरोखरच फोरमन होते, घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यात त्यांची हयात गेली. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडले, पीक पडलं, आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येऊ लागलं, आणि मालकाने अर्धी यंत्रं बंद करून फोरमनला नमस्कार केला. निरोपादाखल जिनिंगच्या आवारातली रस्त्याकडची जुनी ऑफिसची इमारत तेवढी वापरायला दिली. दुसऱ्या कोणी तिथे पानठेला टाकला असता. फोरमनने कॉम्प्युटर क्लास टाकला. कॉम्प्युटर त्यांनी त्याआधी फक्त बँकेत, काचेपलीकडून पाहिला होता. पण त्याने त्यांचं काही अडलं नाही.

"मशीन म्हंजे मशीन," ते म्हणायचे. "त्याले दाते असो का नसो. गरम तं होतेच नं?"

मी यवतमाळहून मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझे कागद उघडलेसुद्धा नाहीत. कॉम्प्युटरचं एक कॅबिनेट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "हात लावून सांगा, ताप हाय का नाय." मी तळहात ठेवला. ते हळहळले. "तळहातानं नाय, पोरी. हात उलटा करून पाह्यतेत. तुह्या मायनं कधी तुह्यं कपाळ पाह्यलं नाय काय?" मी हात उलटा केला, ताप असल्याचं सांगितलं आणि त्याच दिवशी शिकवायच्या नोकरीला लागले. तेव्हापासून विद्यार्थ्यांसमोर मी मॅडम आणि एरवी पोरी.

आठवड्यातला मोठा दिवस शनिवार. शनिवारी जिनिंगमध्ये यंत्रं थांबवून बेअरिंगला ग्रीस भरायची रीत होती. सरांचं जिनिंग सुटलं, पण ही रीत काही सुटली नाही. शनिवारी विद्यार्थ्यांना सुट्टी द्यायची, सगळ्या मशीनची झाकणं उघडायची, आणि सरांनी जुना खाकी शर्ट चढवून कामाला लागायचं. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा ते अलगद उचलत आणि काडेपेटीपेक्षा लहान अशा त्या चौकोनावर, भाकरीवर लोणी थापावं तशी पेस्ट थापत. पेस्ट हा शब्द त्यांना पसंत नव्हता. पेस्ट दाताची असते, हे मलम आहे, असं त्यांचं म्हणणं. मी शेजारी ट्यूबचं झाकण धरून उभी असे. मला स्वतः लावायची परवानगी नव्हती. "तुह्या हाताले अजून मशीन समजलं नाय," असं ते अगदी मायेने सांगत. मला त्या मायेचा फार राग येई.

जुनं मलम ते कधी पुसत नसत. यालाही त्यांच्याकडे शास्त्र होतं. बेअरिंगमध्ये नवं ग्रीस दाबलं की जुनं आपोआप बाहेर पडतं. मी एकदा विचारलं, इथून ते कुठे बाहेर पडणार? "जाते कडंनं," ते म्हणाले. आणि खरंच जायचं. कडेने ओघळून बोर्डावर पसरायचं आणि तिथे वाळून बसायचं. प्रोसेसरवर मात्र वाळलेल्यावर ओलं आणि ओल्यावर आणखी ओलं, असे थर चढत होते. त्यांच्या मते मशीन आता कुठे थोडं बाळसं धरू लागलं होतं.

ट्यूबच्या खोक्यात एक कागद यायचा. त्यावर चित्र काढलेलं असे. आधी जुनं सगळं स्वच्छ पुसा, मग मधोमध तुरीच्या डाळीएवढा ठिपका द्या आणि वरून ठोकळा दाबा. संपलं काम. मी तो कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हे लिहिनाऱ्यानं घाटंजीचा मे महिना पाह्यला काय?"

"नसेल पाहिला, सर."

"मंग? बियान्याच्या पाकिटातबी असाच कागद येते, पोरी. दोन झाडात किती अंतर, फवारा कवा मारायचा, सारं चित्रासकट. वाचता वाचता लोकाईचे डोळे फुटले. झाडाले बोंड काई आलं नाय."

त्यांनी कागदाची घडी केली आणि टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली दिली. टेबल हलायचं थांबलं, त्यामुळे कागदाचा उपयोग झाला नाही असं मला म्हणता येईना. त्या वर्षांत आमच्या भागात छापील कागदावर विश्वास ठेवणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागला असता, आणि मी तो सरांमध्ये शोधत होते.

त्या वर्षांत दुसरी एक गोष्ट मात्र मुबलक पिकली, ती म्हणजे पाहणी पथकं. गाड्यांची रांग यायची, धुरळा उडायचा, पथक कापसाच्या शेतात उभं राहून गंभीर व्हायचं. शेत बघून झालं की जेवणाआधी तासभर वेळ उरे. तो कसा घालवायचा, हा तहसिलीपुढचा त्या काळातला सर्वांत अवघड प्रश्न असावा. असंच एकदा शेतीला पर्याय म्हणून त्यांना आमच्या क्लासात आणायचं ठरलं. आदल्या दिवशी तहसिलीचा एक माणूस येऊन सांगून गेला की मशीन चालू पाहिजेत आणि पोरं हसरी पाहिजेत. पण दुसरा दिवस शनिवार होता. सरांनी शनिवार कोणासाठीही बदलला नसता. पथक आत आलं तेव्हा एकही मशीन चालू नव्हतं, एकही पोरगं नव्हतं आणि सर मनगटापर्यंत मलमात होते.

पथकात एक पोक्त साहेब होते, मराठी बोलणारे. त्यांनी नम्रपणे विचारलं, "हे काय चाललंय?"

"साहेब, खाली जे तापते ते वर पोचलं पाह्यजे," सर म्हणाले. "वर पंखा हाय, हवा हाय. पन खालचं वर जाईन कसं? मधात फट राह्यली का तिथंच अडकते, अन् मशीन बंद पडते. म्हून मधात हे मलम."

"छान," म्हणून साहेबांनी लिहून घेतलं.

"आता इथं खाली आमी तापून राह्यलो," सर पुढे म्हणाले. "वर पंख्याखाली तुमी बसले. अन् मधात हे बसले." त्यांनी हातातली ट्यूब तहसिलीच्या लोकांवर रोखली. "जाता जाता थोडं मलम याईलेबी लावून जा."

तहसिलीच्या लोकांना एकदम खोकला आला. साहेबांनी तेही लिहून घेतलं. मला फार सांगावंसं वाटत होतं की सर, मधला थर जितका जाड तितकं वर कमी पोचतं. पण मधला थर माझ्या शेजारीच उभा होता, म्हणून मी गप्प राहिले. जाताना साहेबांनी सरांशी हात मिळवला आणि मग तोच हात आपल्या पांढऱ्या शर्टावरून फिरवला. घाटंजीहून खात्रीने वर पोचलेली तेवढी एकच गोष्ट मी पाहिली आहे. पथक जेवायला गेलं आणि आम्ही राहिलेली मशीन उरकली.

एवढं मलम पिऊनही आमची मशीन बंद पडतच. उन्हाळ्यात तर चालता चालता पडदा काळा होई. मग सरांचा संशय आधी वीज मंडळावर जाई, तिथून विद्यार्थ्यावर, आणि विद्यार्थी अगदीच गरीब निघाला तर यवतमाळच्या ज्या दुकानातून मशीन आणलं त्या दुकानदारावर. मलमावर कधीच गेला नाही. हे सगळं मी हसत सहन केलं असतं. वंदनाताई आल्या आणि माझं हसू आटलं.

वंदनाताई गावातल्या एका शाळेत क्लार्क होत्या. पस्तिशीच्या, अंगाने किडकिडीत, येताना "जयभीम सर" म्हणून दारातच चपला नीट जोडून ठेवणाऱ्या. त्यांची आई याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला होती, त्यामुळे सरांनी त्यांना फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलेलं. खुर्चीवर बसून पगार घेणारं त्यांच्या घरातलं त्या पहिलंच माणूस. ती खुर्ची टिकवायची तर कॉम्प्युटरची परीक्षा मुदतीत पास व्हायला हवी होती, नाहीतर नोकरी जाणार होती. परीक्षेचं केंद्र आमचाच क्लास. नियम असा की ज्या मशीनवर नंबर पडेल त्याच मशीनवर पेपर सोडवायचा, आणि मशीन बंद पडलं तरी पेपरचं घड्याळ थांबत नसे. दोनदा त्या बसल्या आणि दोन्ही वेळा अर्ध्या पेपरात मशीन बंद पडलं. चालू होईस्तोवर वेळ गेला. दोन्ही वेळा थोडक्यासाठी नापास.

"ताई, तुमी बटनं लय जोरात दाबता," सरांनी त्यांना समजावलं. "मशीन घाबरते."

आणि बाईने ते खरं मानलं. घरी परात उपडी घालून तिच्यावर आवाज न करता बोटं टेकवायचा सराव त्या रोज करत. हे त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "ताई, दोष तुमच्या बोटांचा नाहीच. सर मलम लावतात ना, त्याचा आहे."

त्या म्हणाल्या, "सरले नका बोलू, मॅडम. मनाले लावून घेतेत ते. पह्यलेच त्याईचं जिनिंग गेलं."

तिसरी परीक्षा मे महिन्यात आली. मुदत त्याच महिन्यात संपत होती, म्हणजे ही शेवटची संधी. यवतमाळहून आलेले पर्यवेक्षक ओला रुमाल डोक्यावर टाकून बसले होते. वंदनाताईंचा नंबर खिडकीजवळच्या मशीनवर पडला. पेपर सुरू झाला. त्या इतक्या हळू बटणं दाबत होत्या की काही अक्षरं उमटतच नव्हती, बटणं पुन्हा दाबावी लागत होती. मी मागे उभी राहून नुसती चडफडत होते. अर्धा पेपर झाला असेल नसेल, आणि पडदा काळा झाला.

वंदनाताईंनी दोन्ही हात वर उचलून धरले.

"सर, म्या जोरात नाय दाबलं," त्या म्हणाल्या. रडका आवाज नव्हता, कोर्टात साक्ष द्यावी तसा होता.

सर ट्यूब घेऊन धावले. झाकण काढून त्यांनी उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला. पंख्यासकट ठोकळा सोडवून उचलला, ट्यूबचं टोपण उघडलं. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांच्या आणि मशीनच्या मध्ये उभी राहिले.

"सर, आज जुनं पुसून लावू. डाळीएवढंच."

"कागदात लिहिलं म्हून?"

मी काही बोलायच्या आत वंदनाताई म्हणाल्या, "सर, तुमीच लावा. पन आज मॅडम सांगते तसं लावा. माह्या नोकरीचा सवाल हाय."

सरांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि पुसायला बसले. वरचं मलम निघालं, खालचं निघेना. नखाने खरवडावं लागलं. पापुद्रे निघत गेले, आणि शेवटी खाली चकचकीत धातू दिसला. सरांनी तो विकत आणल्या दिवसानंतर पाहिलाच नव्हता. डाळीएवढा ठिपका त्यांनी दिला, अगदी मोजून, औषध द्यावं तसा. ठोकळा बसवला, मशीन सुरू केलं, वंदनाताईंनी पुढचा प्रश्न उघडला. मी सुटकेचा श्वास घेतला आणि मनातल्या मनात जरा छाती फुगवली.

मशीन पुन्हा बंद पडलं.

माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. त्या कागदावर त्यापुढचं चित्रच नव्हतं. पर्यवेक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. सर आता मला काय काय ऐकवतील, याची मी वाट पाहत होते. त्यांनी मात्र पंखा आणि ठोकळा काढून पुन्हा हातात घेतला, खिडकीशी नेला आणि उजेडासमोर धरला. ठोकळ्याच्या पात्यांमधून पलीकडचा उजेड दिसायला हवा. दिसत नव्हता. त्यांनी पंखा वेगळा केला. आणि त्याच्याखाली, पात्यांच्या तोंडावर, उशीत भरावी तशी रुई ठासून बसली होती.

आमचा क्लास जिनिंगच्या आवारात. अर्धी यंत्रं चालू होती, तेवढी रुईसाठी पुरेशी होती. हंगामात ती हवेतच असायची. केसांत, भुवयांवर, चहाच्या सायीवर. आणि रुईला कचरा म्हणायची आमच्याकडे पद्धतच नाही. कचरा म्हणजे पाला, माती, बोंडाचं टरफल. त्यासाठी बाया लावून तो वेचायचा. रुई झटकतात ती रुपयांवाचून दिवस काढणाऱ्या माणसाने नोट झटकावी तशी, अंगावरून अलगद. दर शनिवारी तो पंखा सरांच्या हातात होता आणि मी टोपण धरून शेजारी उभी होते. पंख्याच्या कडेने डोकावणारी ती दोघांनीही पाहिली होती. दोघांनीही ती तिथेच राहू दिली होती.

सरांनी बोटाने ओढली तर सगळी लादीच निघाली. ती हातात आली आणि त्यांचा हात आपलं जुनं काम करू लागला. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून त्यांनी ती हळूहळू ताणली.

"धागा लांब हाय," ते स्वतःशीच म्हणाले.

"सर, धागा मंग पाहा," वंदनाताई म्हणाल्या. "माहा पेपर सुटून राह्यला."

सर भानावर आले. ठिपका पुन्हा देऊन त्यांनी ठोकळा बसवला, स्वच्छ झालेला पंखा बसवला आणि मशीन सुरू करून तिथेच जमिनीवर बसले. उलटा हात कॅबिनेटला लावून, पेपर संपेपर्यंत. मशीन बंद पडलं नाही. वंदनाताई आता हळूबिळू काही दाबत नव्हत्या. खाडखाड बटणं वाजत होती, आणि पर्यवेक्षक दचकून वर पाहत होते. वेळ संपायच्या जरासं आधी त्यांनी शेवटचं उत्तर दिलं. निकाल पडद्यावर आला. पास. त्यांनी तो दोनदा वाचला, मग मला वाचायला लावला, मग पदर तोंडाला लावून पोटभर रडून घेतलं. मीही रडले. सर उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने आले.

दुसऱ्या दिवशी क्लास भरलेला असताना वंदनाताई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. चपला जोडून ठेवल्या, जयभीम घातला आणि पुडा आधी सरांपुढे धरला. सरांनी हात पुढे केला नाही.

"ताई," ते सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "तुमच्या बोटाईत काई खोट नोती. दोन्ही खेपेले माह्या मलमानं अन् माह्या रुईनं तुमचा पेपर बुडवला. अन् म्या तुमालेच बोल लावला."

क्लासात कोणी बटण दाबेना. वीज मंडळ, विद्यार्थी आणि यवतमाळचा दुकानदार सोडून त्या खोलीत कोणाची चूक होऊ शकते, हे पोरं पहिल्यांदाच ऐकत होती.

"मले मालूम होतं, सर," वंदनाताई म्हणाल्या. "म्हून तं पेढे अर्धाच किलो आनले."

सर हसले नाहीत. ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि मे महिन्याच्या त्या भर उन्हात, डोक्याला काही न बांधता, चौकातल्या मिठाईच्या दुकानाकडे चालू लागले. आम्ही सगळे खिडकीतून पाहत होतो. परत आले ते घामाने निथळत. हातातला दुसरा, अर्ध्या किलोचाच पुडा त्यांनी वंदनाताईंच्या पुड्याशेजारी ठेवला, दोन्ही सारखे आहेत ना ते नीट पाहिलं, आणि मग पेढा घेतला.